साहेबाचा बंगला कुणी राखला? घाटमाथ्यावरच्या हेरिटेज हॉटेलच्या मालकांना खुलं पत्र

प्रति,
मालक आणि व्यवस्थापन,
घाटमाथ्यावरचं हेरिटेज हॉटेल (आमच्या तोंडी ‘साहेबाचा बंगला’),
तालुका खानापूर, जिल्हा बेळगाव

प्रत माहितीसाठी: जिल्हाधिकारी, पर्यटन खातं आणि आमची ग्रामपंचायत

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात एका रविवारी मी नातवाला घेऊन तुमच्या हॉटेलात चहाला आले होते. तुमच्या माणसांनी अगत्यानं बसवलं, व्हरांड्यात वेताच्या खुर्च्या दिल्या, चहाबरोबर कुंदा दिला. त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. मला नातवाला एकच गोष्ट दाखवायची होती. जेवणघराच्या उत्तरेकडच्या भिंतीतलं भोक.

पुरुषभर उंचीवर, मुठीएवढं भोक होतं ते. आतून पितळी कप्पी, बाहेरून सागवानी चौकट. आढ्याला टांगलेल्या कापडी पंख्याची दोरी त्यातून व्हरांड्यात यायची आणि बाहेर जमिनीवर बसलेला एक मुलगा ती ओढायचा. हात भरून आले की दोरी पायाच्या अंगठ्याला बांधायची आणि पाय हलवत राहायचं. तो मुलगा म्हणजे माझे पणजोबा. त्यांच्या आधी कुणी होतं, नंतरही कुणी होतं. दोरी घासून घासून चौकटीच्या खालच्या कडेला बोटभर खोल खाच पडली होती. मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही पोरं एकमेकांच्या खांद्यावर चढून त्या खाचेत बोट घालायचो. लाकूड तिथं गार लागायचं आणि नदीतल्या गोट्यासारखं गुळगुळीत.

ते भोक आता नाही. भिंत सिमेंटनं सपाट केली आहे, तिला मलईसारखा रंग दिला आहे आणि त्या जागी वाघाच्या शिकारीचं चित्र टांगलं आहे. नातू विचारत राहिला, “आज्जी, कुठं आहे?” मी भिंतीवर हात फिरवत उभी राहिले. मग तुमच्या दिवाणखान्यातला इतिहासाचा मोठा फलक वाचला, आणि मागच्या अंगणात जाऊन चाळीवर मारलेल्या लाल फुल्या पाहिल्या. त्यानंतर मी दोनदा तुमच्या रिसेप्शनवर लेखी अर्ज दिला. पोच मिळाली, उत्तर आलं नाही. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहिते आहे.

मी कोण, ते आधी सांगते. खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळांत बत्तीस वर्षं शिकवून निवृत्त झालेली शिक्षिका. माझे आजोबा या बंगल्याचे माळी. कागदावर माळी, प्रत्यक्षात राखणदार, सुतार, गवंडी, कुणी आजारी पडलं तर डॉक्टरला आणायला खानापूरपर्यंत चालत जाणारा माणूस, सगळंच. गावात त्यांना माळीबाबा म्हणत. माझे वडील बंगल्यामागच्या चाळीत जन्मले. मला बंगल्याची मालकी नको, मोबदला नको, हॉटेल बंद पडावं असंही वाटत नाही. उलट कुलूप लागून पडलेली वास्तू पुन्हा नांदती झाली, गावातल्या आठ-दहा पोरांना काम लागलं, याचा मला आनंद आहे. पण तुम्ही पाहुण्यांना जो इतिहास सांगता आहात तो अर्धा आहे, आणि उरलेला अर्धा तुम्ही सध्या पाडायला काढला आहे.

तुमच्या फलकावर बंगल्याची सुरुवात एका लष्करी साहेबाला ‘या रम्य टेकडीनं मोहिनी घातली’ इथून होते. ती मोहिनी कुठल्या वाटेनं आली, हे आमच्या भागातल्या जुन्या माणसांना ठाऊक होतं. १८१८ साली ब्रिटिश सेनापती मन्रोच्या फौजेनं बेळगावचा किल्ला घेतला. मग शहराशेजारी छावणी वसली, तिलाच आपण आजही कॅम्प म्हणतो. या छावणीला लागणारं सामान समुद्रमार्गे वेंगुर्ल्याला उतरायचं आणि बैलगाड्यांनी घाट चढायचं, आधी रामघाटानं, नंतर आंबोलीच्या घाटानं. आंबोली हे त्या वाटेवरचं मुक्कामाचं ठिकाण, पुढे कर्नल वेस्ट्रॉपनं ते थंड हवेचं ठिकाण म्हणून वाढवलं. बेळगावच मुळात समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटर उंचीवर. साहेबांना उन्हाळ्यात तेवढंही पुरेना, तेव्हा सह्याद्रीच्या कडेला असे बंगले उठले. गाडीवान, हमाल, रस्त्याला खडी फोडणारे, चिरा काढणारे, हे सगळे इथलेच. त्यांच्याशिवाय एकही बंगला उभा राहिला नसता. तुमच्या फलकावर बैलगाडीचं चित्र आहे. गाडीवान त्यात नाही.

आता फलकावरची एक चूक दाखवते. ती दुरुस्त केली तर फायदा तुमचाच आहे. तुम्ही लिहिलं आहे की बंगला १८६५ साली बांधला, आणि पुरावा म्हणून काचेच्या पेटीत एक कौल ठेवलं आहे, त्यावर १८६५ हा आकडा आहे. ते कौल मी नीट पाहिलं. त्यावर बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेच्या कारखान्याचं नाव आहे. मंगळूरला बासेल मिशनच्या लोकांनी कौलांचा कारखाना काढला ते साल १८६५. हे साल ते पुढे कित्येक दशकं आपल्या कौलांवर छापत राहिले, जसं एखादा पेढेवाला खोक्यावर दुकानाचं स्थापना वर्ष छापतो. कौल त्या साली भाजलं, असा त्याचा अर्थ होत नाही आणि घर त्या साली बांधलं, असा तर मुळीच नाही. आमच्या घरात पणजोबांची हकीकत चालत आली आहे ती अशी: ते आठ-दहा वर्षांचे असताना मंगळुरी कौलं वेंगुर्ल्यापर्यंत गलबतानं आली, तिथून गाड्यांनी वर आली, आणि बंगल्याचं जुनं गवती छप्पर उतरवून ती चढवली गेली. गवत खाली टाकताना त्यातून साप निघाला आणि मेमसाहेब तीन दिवस तंबूत राहिली, हेही ते सांगत. म्हणजे भिंती कौलांहून जुन्या आहेत. गावातल्या एका म्हाताऱ्या माणसाला विचारलं असतं तर हे तुम्हाला चहाच्या एका कपात कळलं असतं.

पण साल चुकणं ही लहान गोष्ट. मोठी गोष्ट पावसाची आहे.

तुमच्या फलकावर बंगल्यात फक्त उन्हाळा आहे. सहली, शिकार, संध्याकाळचा ग्रामोफोन. साहेब एप्रिलात यायचा आणि मृगाच्या आधी डोंगर उतरायचा. मोठ्या हिल स्टेशनांवरही हीच रीत होती, महाबळेश्वर आणि माथेरान पावसाळ्यात ओस पडायची. बेळगाव शहरात वर्षाला तेराशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आंबोलीला सरासरी सात हजारांच्या वर. घाटमाथ्याचा पाऊस म्हणजे काय ते यावरून समजावं. झड लागली की पंधरा पंधरा दिवस सूर्य दिसत नाही, चुलीजवळ टांगलेले कपडेही वाळत नाहीत, भिंतीवर बोट ठेवलं तर ओल चढलेली कळते. अशा पावसात चिऱ्याची, चुन्याची, लाकडाची इमारत चार वर्षं जरी वाऱ्यावर सोडली तरी पाचव्या वर्षी तिच्या आढ्यातून आभाळ दिसतं. हा बंगला शंभरावर पावसाळे उभा राहिला, तो काही साहेबाच्या आवडीनं उभा राहिलेला नाही.

दर वैशाखात शाकारणी व्हायची. एकेक कौल उतरवायचं, झाडायचं, बोटानं टिचकी मारून पाहायचं. आवाज खणखणीत आला तर ठेवायचं, बद्द आला तर बाजूला काढायचं. पन्हळी साफ करायच्या. पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या भिंतींना बाहेरून गवताच्या झड्या बांधायच्या, म्हणजे पावसाचा मारा भिंतीवर येत नाही. चुना निखळला असेल तिथं नवा भरायचा. तोही चुन्याच्या घाण्यात मळलेला, त्यात गुळाचं पाणी आणि कुटलेला हिरडा. हिरडा आजी आणि इतर बायका रानातून गोळा करून आणत. पावसाळाभर रोज एका खोलीत शेगडी पेटवून ओल मारायची, आज दिवाणखाना, उद्या निजायची खोली, असं आळीपाळीनं. वाळवीची माती दिसली की त्याच दिवशी खरवडायची. ऑक्टोबरात झड्या सोडायच्या आणि दारंखिडक्या उन्हाला उघडायच्या.

हे मी मनानं लिहीत नाही. आजोबांची वही माझ्याकडे आहे. मोडी लिपीत आहे, मला मोडी येत नाही, म्हणून बेळगावच्या एका जाणकारांकडून दोन वर्षांपूर्वी ती वाचून घेतली. वही १९१९ साली सुरू होते. दर वर्षीच्या शाकारणीचा हिशेब तीत आहे: किती कौलं फुटली, किती नवी घातली, गवताच्या किती पेंढ्या आणल्या, कुणाला किती दिवसांची मजुरी दिली आणि कुणाला मजुरीऐवजी भात दिला. नावं आहेत. मराठी नावं, कन्नड नावं, मुसलमान गवंड्याचं नाव, पाणी वाहणाऱ्या दोन विधवांची नावं. ती नावं इथं लिहीत नाही, कारण त्यांची नातवंडं-पतवंडं आजही गावात आहेत आणि आधी त्यांना विचारायला हवं. पण तुम्ही मागितलीत तर त्यांची परवानगी मी स्वतः घरोघरी जाऊन आणीन.

त्याच वहीत १९२४ च्या डिसेंबरात दोन दिवस कोरे आहेत, २६ आणि २७ तारीख. बेळगावात काँग्रेसचं अधिवेशन होतं, गांधीजी अध्यक्ष होते, आणि आयुष्यात ते काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष झाले ते तेवढ्या एकाच वेळी. आजोबा रजा न मागता चालत गेले. पुढच्या पानावर दोन दिवसांचा पगार कापल्याची नोंद त्यांनीच आपल्या हातानं केली आहे, एका ओळीत, कसलीही कुरकुर न करता. त्या अधिवेशनासाठी खोदलेली टिळकवाडीतली काँग्रेस विहीर पाहायला मी वर्गाला घेऊन जायची तेव्हा मुलांना हे पान सांगायची. साहेबाच्या बंगल्याचा माळी त्या मांडवात बसला होता, हा तुमच्या बंगल्याच्या इतिहासाचा भाग नाही का?

साहेब गेल्यावर बंगला बेळगावच्या एका व्यापाऱ्यानं घेतला. पुढे भावाभावांत वाद झाले, कोर्टकचेऱ्या झाल्या, बंगल्याला कुलूप लागलं आणि आजोबांचा पगार थांबला. शाकारणी थांबली नाही. नवी कौलं घ्यायला पैसा नव्हता, म्हणून त्यांनी घोड्यांच्या पागेवरची चांगली कौलं काढून बंगल्यावर चढवली. पाग पडू दिली, बंगला राखला. त्यांच्यानंतर काकांनी तेच केलं, अंगात ताकद होती तोवर. तुम्ही ताबा घेतला तेव्हा मुख्य छप्पर शाबूत होतं ते यामुळे. मी लहानपणी आजोबांना विचारलं होतं, पगार नाही तर कशाला चढता छपरावर? ते म्हणाले, “मग पाणी आत जाईल की गं.” एवढंच उत्तर होतं त्यांच्याकडे.

तुमच्या सगळ्यांत महागड्या खोलीत बिडाचा मोठा टब ठेवला आहे. त्याच्यापुढच्या पितळी पाटीवर लिहिलं आहे की तो विलायतेहून आणला. खरं आहे. विलायतेहून बोटीनं, मग रेल्वेनं खानापूरपर्यंत, मग गाडीनं डोंगराच्या पायथ्यापर्यंत. पायथ्यापासून वर, आज तुमच्या गाड्या वीस मिनिटांत चढतात ती चढण, तो बारा माणसांनी वेळूच्या दांड्यांवर खांदा देऊन दीड दिवसात चढवला. पणजोबा त्यातले एक. एकाचा पाय कायमचा अधू झाला. पाटीवर आणखी दोन ओळी मावतात, मी मोजून पाहिलं.

दुसऱ्या ठिकाणीही हेच झालं आहे, याची मला कल्पना आहे. ठाण्याचे कलेक्टर मॅलेट १८५० साली माथेरान चढले, ते वाटाड्या बरोबर घेऊन. मॅलेटचं नाव सगळीकडे आहे. आपल्याच तालुक्यात, तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहेत जे दुर्मिळ वटवाघूळ राहतं, त्याला जगभर रॉटन नावाच्या वन अधिकाऱ्याच्या नावानं ओळखतात. पण निराळी उदाहरणंही आहेत. महाबळेश्वरात १८३४ ते १८६४ अशी तीस वर्षं चिनी आणि मलायी कैद्यांचा तुरुंग होता, आणि तिथल्या बटाट्याची आणि भाजीची शेती त्या कैद्यांनी वाढवली, हे आज तिथल्या इतिहासात सांगितलं जातं. त्यामुळे महाबळेश्वरची शान उणावली नाही. लोक उलट जास्त कान देऊन ऐकतात.

आता चाळीबद्दल. याच कारणानं मला रात्री झोप लागत नाही.

बंगल्यामागं नोकरांच्या सात खोल्यांची चाळ आहे. चिऱ्याच्या भिंती, पुढे अरुंद ओसरी, टोकाला बंबाची खोली आणि हौद. ती पाडून तिथं पोहण्याचा तलाव आणि गाड्यांची जागा होणार, असं तुमच्या कामगारांनीच सांगितलं. लाल फुल्या त्यासाठीच आहेत. तुमच्या दृष्टीनं ते मोडकं आऊटहाऊस असेल. बंगल्याइतकंच जुनं बांधकाम आहे ते. चौथ्या खोलीच्या दाराच्या चौकटीवर आजोबांनी दर वर्षी दसऱ्याला मुलांच्या उंचीच्या रेघा ओढल्या आहेत, खिळ्यानं. वडिलांची आहे, काकांची आहे, चार आत्यांची आहे, आणि शेवटी आम्हा नातवंडांची. त्या बाजूला बंगला बांधल्यापासून पहिल्यांदाच मालक हात लावतो आहे, तो पाडायला.

तुम्ही स्वतःला हेरिटेज हॉटेल म्हणवता, तर केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या वर्गीकरणाची मला आठवण करून द्यावीशी वाटते. १९५० च्या आधीची वास्तू असली तर ती या वर्गात बसते, १९२० च्या आधीची असली तर सगळ्यांत वरच्या ‘ग्रँड’ वर्गात बसू शकते. पण त्याच नियमांत असंही आहे की मूळ वास्तूला शक्यतो हात लावू नये, भर घालायची तर ती त्या भागाच्या पारंपरिक बांधणीला धरून असावी, आणि नव्या बांधकामाचं क्षेत्र जुनं-नवं मिळून होणाऱ्या एकूण क्षेत्राच्या निम्म्यापेक्षा जास्त होऊ नये. त्या भागातली पारंपरिक राहणी वास्तूतून दिसावी, अशीही अपेक्षा त्यात आहे. आमच्या भागातली राहणी बंगल्यात कमी आणि चाळीत जास्त दिसते.

दोन-तीन गोष्टी थोडक्यात. भिंतींना सिमेंटचा गिलावा आणि प्लास्टिकचा रंग देणं बंद करा. चिरा आणि चुना ओल शोषतात आणि उन्हात सोडतात. सिमेंटखाली ओल कोंडते, क्षार फुटतात, आणि दोन पावसाळ्यांत गिलावा पोपडे धरून खाली येतो, येताना चिऱ्याचा थरही ओढून आणतो. पश्चिमेच्या भिंतीवर आत्ताच पांढरे डाग दिसायला लागले आहेत, पाहून या.

बंगल्याच्या वरच्या अंगाला जो झरा आहे त्याच्या वाटेवर तुम्ही फाटक लावलं आहे. इथं पाऊस अफाट असला तरी जांभ्या दगडातून पाणी निथळून जातं आणि एप्रिल-मेमध्ये आमच्या बायका त्या झऱ्यावर जातात. मलप्रभा आणि म्हादई, दोन्ही नद्या आपल्या तालुक्यात उगम पावतात, आणि तरीही उन्हाळ्यात डोईवर घागर असते. साहेबाच्या काळातसुद्धा ही वाट कधी बंद नव्हती. झऱ्यापाशी माऊलीदेवीचं ठाणं आहे, तिथं वर्षातून एकदा गाव जमतं. पोहण्याच्या तलावाला पाणी कुठून आणणार आहात, हेही ग्रामपंचायतीला लेखी सांगा.

आणि भाषा. फलक फक्त इंग्रजीत आहे. कन्नड ही राज्याची भाषा, ती पहिली हवी. मराठी ही बंगल्याच्या पायथ्याच्या गावांची भाषा, आजोबांच्या वहीची भाषा, तुमच्याकडे ताटं उचलणाऱ्या आणि बाग शिंपणाऱ्या निम्म्या पोरांची भाषा. १ नोव्हेंबर १९५६ ला हा जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला, त्यानंतर सीमेवरून जे झालं ते या पत्रात मला आणायचं नाही. माझी मागणी साधी आहे. ज्याच्या आज्यानं छप्पर राखलं त्याच्या नातवाला फलक वाचता आला पाहिजे. तुमचा एक वेटर, आमच्याच गावचा मुलगा, पाहुण्यांना तो फलक पाठ करून इंग्रजीत म्हणून दाखवतो. त्याच्या आजीचं नाव आजोबांच्या वहीत आहे. त्याला ते माहीत नव्हतं. मी सांगितलं तेव्हा त्याच्या हातातला ट्रे तसाच राहिला.

माझ्या मागण्या अशा.

चाळीचं पाडकाम ताबडतोब थांबवा आणि थांबवल्याचं लेखी कळवा. तलाव आणि गाड्यांची जागा पडक्या पागेच्या बाजूला होऊ शकते, तिथं मोकळी जमीन आहे. चाळ दुरुस्त करून तिच्या दोन खोल्या तरी जशा होत्या तशा पाहुण्यांना दाखवा. उरलेल्या पाच तुम्ही वापरा, माझी हरकत नाही.

जेवणघराच्या भिंतीतलं भोक चुन्याचं काम जाणणाऱ्या गवंड्याकडून मोकळं करून घ्या. कप्पी आणि चौकट आत असेल तर तिला धक्का लागू देऊ नका. काढून टाकली असेल तर कुठं ठेवली ते सांगा.

फलक नव्यानं लिहा, कन्नड, मराठी आणि इंग्रजीत. बंगला कुणी बांधवला याबरोबर कुणी बांधला आणि कुणी राखला, हेही लिहा. कौलाखालची पाटी दुरुस्त करा, टबासमोरच्या पाटीवर दोन ओळी वाढवा. झऱ्याची वाट बारा महिने उघडी ठेवा.

जिल्हाधिकारी साहेबांना विनंती, की पाडकामाला परवानगी कुणी आणि कशाच्या आधारे दिली ते तपासावं, आणि तपास होईपर्यंत काम स्थगित ठेवावं. १९५६ पूर्वीचे या बंगल्याचे कागद मुंबईच्या पुराभिलेखागारातही असतील. ते मिळवण्यासाठी पत्र द्यावं. मी स्वखर्चानं जाऊन पाहीन, मला वेळ आहे.

माझ्याकडूनही देण्यासारखं काही आहे. आजोबांची वही मी तुम्हाला प्रदर्शनासाठी द्यायला तयार आहे. मूळ वही काचेत ठेवा, पानांच्या प्रती आणि देवनागरी वाचन मी करून देईन. अट एकच, ती चाळीत, चौथ्या खोलीत ठेवायची.

तोवर एक काम तातडीचं आहे. चाळीवरची कौलं गेली दोन वर्षं कुणी चाळलेली नाहीत. मधल्या दोन खोल्यांवर मला परवा फटी दिसल्या, आणि ७ जूनला मृग लागतो. पुढच्या रविवारी सकाळी सात वाजता मी, माझा पुतण्या आणि गावातले चार जण शिड्या घेऊन येतो आहोत. नवी दोनशे कौलं आम्ही वर्गणीतून घेतली आहेत. ती पुतण्याच्या अंगणात रचून ठेवली आहेत. तुम्हाला काहीच खर्च नाही. मागचं फाटक तेवढं उघडं ठेवायला सांगा.

आपली,
माळीबाबांची नात
(निवृत्त शिक्षिका, तालुका खानापूर, जिल्हा बेळगाव)